ट्रोल तीनदा पाडला तरी मरत नाही, माझा रुल चुकला का?

कोपऱ्यातला_डीएम
मंडळी एक शंका आहे, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये पहिल्यांदाच डीएम (म्हणजे खेळ चालवणारा) झालोय, फिफ्थ एडिशन, २०१४ ची पुस्तकं (मित्राची, "दोन दिवसांत परत देतो" म्हणून आणलेली, दीड वर्ष झालं). पार्टी चार जणांची, सगळे लेव्हल ४, फायटर, बार्बेरियन, क्लेरिक (पुजारी) आणि एक रोग म्हणजे आजार नाही, चोर. शनिवारी पुलाखाली ट्रोल (राक्षस) ठेवला, कारण पूल आहे म्हटल्यावर खाली दुसरं काय ठेवणार. एचपी (म्हणजे जीव) ८४, एसी (घाव लागायला गाठायचा आकडा) १५, एका टर्नला (पाळीला) तीन अटॅक आणि दर टर्नच्या सुरुवातीला १० एचपी परत. मला वाटलं तासाभरात संपेल, साडेतीन तास चाललं.

झालं असं की पोरांनी त्याला तीन वेळा शून्यावर आणला आणि तिन्ही वेळा त्याची टर्न आली की मी १० दिले आणि तो उठला. तिसऱ्या वेळी बार्बेरियनवाल्यानं फासे गोळा करून पिशवीत टाकले. ट्रोल आगीनं मरतो हे सगळ्यांना ठाऊक, तर क्लेरिक म्हणे मी सेक्रेड फ्लेमचा मंत्र मारलाय, नावातच ज्वाला आहे, जळला पाहिजे. मी म्हटलं तो रेडियंट (दिव्य प्रकाशाचा) डॅमेज, आग नाही, त्यावर अर्धा तास भांडण. मग रोग म्हणाला मशाल लावतो, पुस्तकात बघितलं तर मशालीचा डॅमेज १, आणि एवढं मोठं धूड १ डॅमेजनं मरेल हे काही मला पटेना, म्हणून मी सांगितलं की शेवटचा घाव आगीचा पाहिजे, म्हणजे शून्यावर आगीनंच आणायचा. शेवटी कंटाळून त्यांनी शून्यावर असतानाच त्याला दोरानं बांधला, दगड लावले आणि नदीत ढकलला आणि मी वेळ बघून म्हटलं गेला वाहून, थांबूया.

आता पोरं एक्सपी (अनुभवाचे गुण) मागतायत. तर १ डॅमेज पुरतो का, शेवटचा घाव आगीचा हवा का, आणि तो नदीत मेला की नाही?

वीसफाशी
सेक्रेड फ्लेमचं तुझं बरोबर, बाकी दोन्ही चूक. ट्रोलच्या स्टॅट ब्लॉकमधलं (पुस्तकातल्या माहितीच्या चौकटीतलं) ते वाक्य परत वाच, सगळी भानगड तिथंच आहे. ॲसिड किंवा फायर डॅमेज झाला तर त्याच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीला रिजनरेशन (ते १० एचपी परत मिळणं) चालत नाही, आणि टर्न सुरू होताना तो शून्यावर असेल नि रिजनरेट झाला नाही तरच मरतो. किती डॅमेज हे कुठंही लिहिलेलं नाही. १ झाला तरी झाला. आणि आधी आग की आधी तलवार यालाही काही अर्थ नाही.

समजा ट्रोलची टर्न आत्ता संपली, ४० एचपी आहेत. रोगानं मशाल मारली, लागली, ३९. मग फायटर आणि बार्बेरियननं मिळून ३९ काढले, शून्य. क्लेरिक नुसता उभा राहिला तरी चालेल. ट्रोलची टर्न आली, शून्यावर आहे, मघाशी आग लागलेली आहे, १० मिळत नाहीत, मेला. उलट केलं, म्हणजे आधी पाडला आणि मग पडलेल्याला मशाल लावली तरी तेच, उलट सोपं, कारण तो बेशुद्ध आहे म्हणजे अटॅकला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा).

म्हणजे तुझा ट्रोल कायद्यानं शनिवारी पहिल्या तासातच मेलाय, एका कॉपरला मिळणाऱ्या मशालीनं.

आणि पार्टीत विझर्ड असता तर आगीची पण गरज पडली नसती. चिल टच नावाची कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा छोटा मंत्र) आहे, जुन्या पुस्तकात तरी ती ना थंड ना टच, १२० फुटांवरून नेक्रोटिक डॅमेज, पण ती लागली की मारणाऱ्याच्या पुढच्या टर्नपर्यंत समोरच्याला एचपी परत मिळतच नाहीत. शून्यावरच्या ट्रोलवर टाकली की खेळ खल्लास. सेक्रेड फ्लेममध्ये फ्लेम नाही आणि चिल टचमध्ये चिल नाही, नावं कोण ठेवतं काय माहीत.

नॅट_वन_नाना
पोराला एवढं झापू नका, त्याचा रुल हवेतून नाही आला, तो आमच्या काळातला आहे. थ्री पॉइंट फाइव्ह एडिशनमध्ये ट्रोलला ६३ एचपी आणि रिजनरेशन ५, पण तिथं रिजनरेशनचं गणितच वेगळं होतं. तलवार, गदा, बाण, काहीही मारा, सगळा डॅमेज नॉनलीथल धरायचा, म्हणजे ट्रोल नुसता बेशुद्ध पडणार. खरा डॅमेज फक्त आगीचा नि ॲसिडचा. त्यामुळे तलवारीनं आडवा करायचा आणि मग खरोखर जाळायचा, १ डॅमेज देऊन हात झटकले असं नाही. वहीत दोन रकाने करून डॅमेज लिहायला लागायचा, कॉलेजात अकाउंटची वही नव्हती माझी एवढी नीट.

त्याच्याही आधी, १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला ट्रोल मार लागल्यावर तीन राऊंड (सगळ्यांची एकेक टर्न झाली की एक राऊंड) गप्प असायचा, मग राऊंडला ३ एचपीनं भरायला लागायचा. मजा अशी की लोकांना वाटायचं संपलं, प्रेतं चाचपायला लागायचे आणि मागून हा उठायचा. तोडलेला हातसुद्धा वेगळा लढायचा. फिफ्थमध्येही तो हाताचा प्रकार ऐच्छिक म्हणून आहे, एका फटक्यात १५ स्लॅशिंग (कापणारा) डॅमेज बसला तर डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा, १९-२० आलं तर मुंडकं उडतं. आणि ते मुंडकं चावायला येतं. त्याला स्वतःचे १० एचपी आणि स्वतःचं रिजनरेशन. एकदा वापरून बघ, बार्बेरियन फासे पिशवीत टाकणार नाही.

टॅरास्क नावाच्या महाराक्षसाचं तर विचारूच नका. थ्री पॉइंट फाइव्हमध्ये ८५८ एचपी, रिजनरेशन ४०, आणि आग, ॲसिड, कशाचाच खरा डॅमेज त्याला होत नाही. ८६८ पर्यंत नॉनलीथल चढवायचा आणि वर कुणीतरी विश नाहीतर मिरॅकल मंत्र टाकायचा, तेव्हा मरणार. फिफ्थमध्ये त्याचं रिजनरेशनच काढून टाकलं, ६७६ एचपीचा नुसता मोठा बैल केला. माझं हे दुःख कुणाला समजत नाही.

कोपऱ्यातला_डीएम
@वीसफाशी अरे देवा. म्हणजे पोरांची माफी मागावी लागणार. अजून एक, रोगानं आधी तेलाची बाटली त्याच्याखाली जमिनीवर ओतून पेटवली होती, तेव्हा तो शून्यावर होता, तरी मी उठवला. ते तरी बरोबर का?

वीसफाशी
ते गमतीनं बरोबर निघालं. जमिनीवरचं तेल पेटवलं की जो त्या चौकोनात शिरेल किंवा तिथं स्वतःची टर्न संपवेल त्याला ५ फायर डॅमेज. तुझा ट्रोल शिरला नाही, आधीपासून पडलेला होता. त्याची टर्न सुरू झाली तेव्हा अजून एकही डॅमेज झालेला नाही, म्हणजे १० घेऊन उठणार, आणि शहाणा असेल तर बाजूला सरकणार. बसलाच तिथं तर टर्नच्या शेवटी ५, मग त्याच्या पुढच्या टर्नला रिजनरेशन बंद.

तेच तेल जमिनीऐवजी त्याच्या अंगावर ओतलं असतं आणि मग मशाल लावली असती तर मशालीचा १ आणि तेलाचे वर ५, लगेच. बाटली एक सिल्व्हरला मिळते. ५० गोल्डचं अल्केमिस्ट्स फायर घेऊन येणारे भेटतात मला, त्याचा डॅमेज पुन्हा ट्रोलच्या टर्नच्या सुरुवातीला, म्हणजे आधी आग की आधी १० एचपी यावर टेबलवर अर्धा तास. मशाल घ्या रे.

सावंतवाडीचा_बार्ड
सगळे आगीवर घसरलात, नदीचं कुणी सांगितलंच नाही त्याला.

फिफ्थमध्ये श्वास संपला की थोड्याच राऊंडमध्ये प्राणी शून्यावर येतो आणि परत श्वास घेता येईपर्यंत एचपी मिळत नाहीत. म्हणजे ट्रोल बुडवून मरतो, आगीशिवाय, आणि हे नियमातच आहे. पण श्वास धरता येतो १ अधिक कॉन्स्टिट्यूशन (दमखम) मॉडिफायर एवढी मिनिटं. ट्रोलचं कॉन २०, मॉडिफायर +५, म्हणजे सहा मिनिटं, म्हणजे ६० राऊंड. तुझा ट्रोल पाण्यात पडला, पुढच्या टर्नला १० एचपी घेऊन डोळे उघडले, तोंड मिटलं. अंगाला तागाचा दोर, तो तोडायला डीसी (गाठायचा आकडा) १७, त्याची स्ट्रेंथ +४, म्हणजे फाशावर १३ किंवा वर पडलं की सुटला, आणि ६० चान्स आहेत. मेला म्हणणं जरा कठीण आहे दादा.

एक्सपी मात्र दे. सीआर (राक्षस किती अवघड त्याचा आकडा) ५ म्हणजे १८००, चौघांत ४५०. अडथळा पार केला, पूल मोकळा झाला, मारलाच पाहिजे असं काही नाही.

वडाखालचा_वॉरलॉक
मला मूळ प्रॉब्लेम वेगळा दिसतोय. त्या चौघांना ट्रोल जळतो हे माहीत होतं, पण त्यांच्या कॅरेक्टरना माहीत होतं का? आमच्याकडे डीएम मेटागेमिंग मेटागेमिंग (खेळाडूला माहीत ते कॅरेक्टरनं वापरणं) करत ओरडतो आणि आम्ही तीन राऊंड मुद्दाम तलवारी मारतो, सगळ्यांना उत्तर माहीत असताना न सुचल्याचं नाटक करायचं, यासारखं बोअर काही नाही.

नॅट_वन_नाना
एकदम मान्य. पुलाशेजारच्या गावात जन्म काढलेल्या माणसाला ट्रोल जळतो हे माहीत नसेल का? नाग दुधावर जगत नाही हे आपल्याकडे अजून लोकांना पटत नाही ते सोडा, पण विंचू कुठं निघतो ते पोरासोरांना माहीत असतं. आणि नसेलच माहीत तर दाखव. मशाल जवळ आली की ट्रोल मागं सरकला, पुलाच्या खांबावर जुनी काजळी आहे, म्हातारी रोज संध्याकाळी पुलाच्या तोंडाशी शेकोटी पेटवते. तीन खुणा टाक, एक तरी उचलतील. ट्रोल हा लढाईपेक्षा कोडं जास्त आहे, आणि कोड्याचा सुगावाच दिला नाही तर ते ८४ ऐवजी ३०० एचपीचं पोतं होतं, तुमच्या शनिवारी तेच झालं.

सावंतवाडीचा_बार्ड
कोडंच पाहिजे तर आपल्या घरचे घे ना. मी रक्तबीज चालवलाय. पहिल्यांदा वेड्यासारखं त्याला रिजनरेशन दिलं आणि फसलो, कारण रक्तबीज भरून येत नाही, तो वाढतो. थेंब जमिनीवर पडला की नवा. त्याला ऑकर जेली नावाच्या राक्षसाचं स्प्लिट जास्त जवळचं, स्लॅशिंग किंवा लाइटनिंग बसलं की दोन होतात. मी फक्त एवढं बदललं की रक्त जमिनीला लागलं तरच. पोरांनी काय करावं, बाजारातून ताडपत्री आणली. देवीनं जीभ पसरली, ह्यांनी ताडपत्री पसरली. चालवून घेतलं मी.

खरा रिजनरेशनवाला म्हणजे जरासंध. भीमानं उभा चिरला तरी जुळतो. मग कृष्ण काडी चिरून दोन तुकडे उलटसुलट बाजूंना फेकून दाखवतो. म्हणजे डॅमेज टाइप नाहीच, पोझिशनिंग आहे, दोन भागांमध्ये अंतर ठेवायचं. माझा रुल असा की शून्यावर आला की दोन तुकडे, त्याच्या टर्नच्या सुरुवातीला दोन्ही १० फुटांच्या आत असतील तर जुळले, अर्धे एचपी परत. एक उजवीकडे आणि एक डावीकडे ओढत नेताना टेबलवर जो गोंधळ झाला तो फायरबॉलनं होत नाही. आणि काडीचा सुगावा एनपीसीनं (डीएम चालवतो त्या पात्रानं) दिलाच होता, सुपारी फोडून.

वीसफाशी
ताडपत्री 😂

कोपऱ्यातला_डीएम
झालं. माफी मागितली, ४५० प्रत्येकी दिले, आणि सांगितलं की रुल आजपासून पुस्तकातला. ट्रोल दोर तोडून बाहेर आलाय, पुढच्या शनिवारी पुलावर परत, एक डोळा माशांनी खाल्लेला (तो भरून येईलच, पण वर्णनाला बरा). ग्रुपवर फक्त एवढंच टाकलं की पुलाकडून धप्प धप्प आवाज येतोय.

रोगानं लगेच ४० मशाली घेतल्या. ४० कॉपर. एकेक मशाल एक पौंड, ह्याची स्ट्रेंथ ८, रांगत चाललाय. बार्बेरियनला म्हणे तू उचल, तो म्हणाला मी हमाल नाही.