सोसायटीचे दप्तर क्लाउडवर की हार्ड डिस्कवर?

सचिव, ए-१०२:
सर्व सभासदांना नमस्कार. सोसायटीच्या जीमेलवर आठवडाभर एकही मेल आला नव्हता आणि लेखापरीक्षणातील दोषदुरुस्ती अहवालासंबंधी स्वतः पाठवलेला मेल परत आल्याचे लेखापरीक्षकांनी फोन करून कळवले, तेव्हा खात्यातील मोफत १५ जीबी जागा संपल्याचे लक्षात आले. ही जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींची मिळून असते आणि आपल्याकडे ती मुख्यतः गणेशोत्सवाच्या व्हिडिओंनी व्यापली आहे. वर्षाला १३०० रुपये भरून क्लाउडवर, म्हणजे गूगलच्या इंटरनेटवरील साठ्यात, १०० जीबी जागा घ्यावी, की हार्ड डिस्क आणून सगळे दप्तर तिच्यावर उतरवावे, याबद्दल रविवारच्या बैठकीपूर्वी आपली मते कळवावीत.

खजिनदार, सी-२०३:
माझे मत हार्ड डिस्कच्या बाजूने आहे. ती एकदाच विकत घ्यावी लागते, क्लाउडचे मात्र दरवर्षी भाडे भरावे लागते आणि पुढच्या समितीने ते भरले नाही तर आपण पुन्हा अडचणीत येऊ.

बी-४०४:
काका, आपली काळजी रास्त आहे. पैसे थांबले म्हणून फायली दुसऱ्या दिवशी पुसल्या जात नाहीत, परंतु खाते दोन वर्षे मर्यादेबाहेर राहिले तर त्या काढून टाकल्या जाऊ शकतात. खर्चाचे म्हणाल, तर ६५ सदनिकांमध्ये १३०० रुपये म्हणजे प्रत्येकी वर्षाला २० रुपये होतात. एकट्या हार्ड डिस्कवर विसंबण्याची मला मात्र खरोखर भीती वाटते. आमच्या घरचे सगळे फोटो एकाच डिस्कवर होते. ती कपाटात नीट गुंडाळून ठेवलेली होती, तरी एके दिवशी जोडल्यावर नुसता टक् टक् आवाज येऊ लागला. दुरुस्तीवाल्याने डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे घेऊन जे परत दिले, त्यात आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या फोटोंत तिचा चेहरा कपाळापर्यंतच दिसतो आणि त्याखाली करडी पट्टी आहे. आजी आता नाही, त्यामुळे तो फोटो पुन्हा काढता येणार नाही.

तरीही केवळ क्लाउड घेऊन थांबू नये, असेच मी सांगेन. कार्यालयातील संगणकाचे फोल्डर ड्राइव्हशी जोडलेले आहे. तिथे कोणी चुकून इतिवृत्तांचे फोल्डर पुसले तर ते ड्राइव्हवरूनही जाते आणि ट्रॅशमध्ये ३० दिवसच राहते. आपल्याकडे इतिवृत्त वर्षभर कोणी उघडत नाही, मग ते गेल्याचे कळणार केव्हा? म्हणून क्लाउड घ्यावे आणि शिवाय दोन डिस्क ठेवाव्यात. एक कार्यालयात, दुसरी इमारतीबाहेर बँकेच्या लॉकरमध्ये, आणि दर तिमाहीला त्यांची अदलाबदल करावी. पेनड्राइव्हवर दीर्घकाळ काही ठेवू नये.

ए-३०१:
मला वेगळीच शंका आहे. त्या खात्याचा ओटीपी अजूनही माजी सचिवांच्या खासगी मोबाइलवर जातो. ते सज्जन आहेत, पण त्यांचा क्रमांक बदलला तर पैसे भरूनही खाते उघडणार नाही. दुसरे म्हणजे, भाडेकरूंची आधार आणि पॅनची छायाचित्रे त्याच फोल्डरमध्ये आहेत. डिस्क कोणाच्या हाती लागली तर काय?

बी-४०४:
ताई, हा मुद्दा मी आधी मांडायला हवा होता. खाते सोसायटीच्या स्वतःच्या सिमकार्डावर घ्यावे, ओटीपी न मिळाल्यास खाते उघडण्यासाठीचे राखीव कोड छापून सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवावेत आणि डिस्क पासवर्डने कूटबद्ध करावी. प्रत घेतल्यावर त्यातील चारपाच फायली उघडून पाहाव्यात, कारण न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही.

खजिनदार, सी-२०३:
पटले. मग सभासदांच्या आय आणि जे नमुन्यातील जुन्या नोंदवह्या रद्दीत द्यायच्या का?

सचिव, ए-१०२:
मुळीच नाही. मूळ नोंदवह्या आणि अभिहस्तांतरणाचा (जमीन-इमारत सोसायटीच्या नावे झाल्याचा) दस्त तिजोरीतच राहतील. व्हिडिओ मी आजच डिस्कवर उतरवून खात्यातून काढतो, म्हणजे मेल पुन्हा सुरू होतील. सिमकार्डासाठी खजिनदारांनी शुक्रवारी सायंकाळी ७ वाजता नोंदणी प्रमाणपत्राची प्रत घेऊन कार्यालयात यावे. माजी सचिवांनाही मी त्याच वेळी बोलावले आहे.