मदत हवी आहे : ठेवीदार संरक्षण कायद्यात बदल सुचवायचे आहेत, निवेदन कसं लिहावं?

नमस्कार मंडळी. आम्ही कळव्यात राहतो. आईने निवृत्तीच्या पैशातले साडेचार लाख एका योजनेत ठेवले होते. दर महिन्याला व्याज, हातात छापील पावती, आणि घरी येऊन चहा पिऊन जाणारा एजंट. आठ महिने व्याज आलं, मग ऑफिसलाच कुलूप. आमच्या सोसायटीतली अजून अकरा घरं यात अडकली आहेत.

आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली आहे, त्याबद्दल विचारत नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्यात दोषींना जास्तीत जास्त सहा वर्षं कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. एकट्या आमच्या आईचे साडेचार लाख गेलेत हो! केंद्राच्या २०१९ च्या कायद्यात अनियंत्रित (म्हणजे कुठल्याही नियामकाकडे नोंदणी नसलेल्या योजनेतल्या) ठेवी घेऊन फसवणुकीने बुडवल्यास तीन ते दहा वर्षं कैद आणि किमान पाच लाख दंड आहे. मग राज्याचा दंड एक लाखापर्यंतच का राहावा?

आम्ही बाराही घरं मिळून आमदारांना निवेदन देणार आहोत. दंड बुडवलेल्या रकमेच्या प्रमाणात असावा आणि कमिशन खाणाऱ्या एजंटांवरही स्पष्ट जबाबदारी यावी, या आमच्या दोन मागण्या.

असं निवेदन कुणी लिहिलंय का? कलमांची भाषा आपण सुचवावी की फक्त मागणी मांडावी? अशासकीय विधेयकाची (म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडायच्या विधेयकाची) विनंती करता येईल का? ठाण्यातल्या कुणी वकील ताई-दादांनी मसुदा एकदा डोळ्यांखालून घातला तर फार उपकार होतील. आई अजून रोज ती पावती काढून बघते.