विषय: ॲबोरिजिनल पालकगटाला देणगी

प्रेषक: मिलिंद

नमस्कार मंडळी,
आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमातून उरलेली शिल्लक पश्चिम सिडनीतल्या एका ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या, पालकगटाला द्यायचं कार्यकारिणीत घाटतंय. माझा विरोध नाही, पण मनात शंका आहे. पालकांनी मुलांच्या शिक्षणात लक्ष घालावं म्हणून सरकार कितीतरी वर्षं पैसे देतंय. ते जातात कुठे? आणि शाळेत यायला पैसे कशाला हवेत? कामावरून सुटून आपण सगळेच धावतपळत पालकसभा गाठतो. अनघाताई, तुम्ही शाळेत आहात, जरा सांगाल का?

प्रेषक: अनघा

मिलिंद, विचारलंस ते बरं केलंस. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

2004 पर्यंत ‘ॲस्पा’ नावाची योजना होती. शाळेत ॲबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेटच्या बेटांवरची मुलं असली की पालक आणि शाळा मिळून समिती करत आणि मुलांच्या संख्येप्रमाणे केंद्र सरकारचे पैसे त्या समितीला मिळत. देशभर अशा हजारो समित्या होत्या. रक्कम बेताचीच, पण गृहपाठाचा वर्ग घ्यायचा, सहल काढायची की एल्डर, म्हणजे समाजातल्या मानाच्या वडीलधाऱ्या मंडळींना वर्गात बोलवायचं, हे ठरवताना आयांच्या शब्दाला किंमत होती. 2005 पासून ते बंद झालं आणि अर्ज करा, मंजूर झाला तर मिळेल, अशी पद्धत आली. संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, सेनेटच्या, समितीने त्याच वर्षी या बदलाची चौकशीही केली. 2009 मध्ये ‘पेस’ आली. पालकांना शाळेशी जोडणं हाच तिचा हेतू, पण तीही अर्जावरच. 2014 मध्ये ती एका मोठ्या योजनेत विलीन झाली आणि कारभार पंतप्रधानांच्या खात्याकडे गेला.

आता अर्ज म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. एबीएन (संस्थेचा सरकारी नोंदणी क्रमांक), विम्याचं प्रमाणपत्र, जोखमीचा आराखडा, ‘अपेक्षित परिणाम कसे मोजाल’चे रकाने. आपल्याकडे दोन अकाउंटंट आहेत, तरी कौन्सिलच्या अनुदानाचा अर्ज शेवटच्या रात्रीपर्यंत रेंगाळतो. चार नातवंडं सांभाळणाऱ्या आजीने तो कसा भरायचा? मग पैसा ज्याला अर्ज लिहिता येतो त्याच्याकडे वळतो, आणि ज्यांच्यासाठी आला ते त्याच्या कार्यक्रमाचे पाहुणे होतात. ही माझ्या मते या सगळ्या योजनांची मूळ चूक आहे.

त्यात पुन्हा, ‘पेस’ सुरू झाली त्याच वर्षी नॉर्दर्न टेरिटरीत आणि क्वीन्सलँडमध्ये काही ठिकाणी मूल शाळेत आलं नाही तर आईबापांचे सरकारी पैसे रोखायचा प्रयोगही सुरू झाला. ज्याला धाक घालायचा त्यालाच ‘आत या, बसा’ म्हणायचं. कोण येईल?

तुझा दुसरा प्रश्न, शाळेत यायला काय लागतं. आपल्या न्यू साउथ वेल्स राज्यात गोऱ्या पालकांनी तक्रार केली की ॲबोरिजिनल मुलाला शाळेबाहेर ठेवायची मुभा मुख्याध्यापकांना होती. ती नियमांतून निघाली 1972 मध्ये. 1915 च्या कायद्याने सरकारी मंडळाला कोर्टात न जाताच मुलं उचलून न्यायचा अधिकार मिळाला होता. अशा उचलून नेलेल्या मुलग्यांना ठेवायचं किंचेलाचं होम 1970 पर्यंत चालू होतं. आज नातीला सोडायला येणाऱ्या आजीचं बालपण त्याच काळातलं आहे. ती दाराशी येते, कुंपणापाशी आमच्या ॲबोरिजिनल एज्युकेशन ऑफिसरशी तासभर गप्पा मारते, पण ऑफिसच्या खिडकीपर्यंत येत नाही. तिथे आयपॅडवर नाव, येण्याचं कारण, छातीवर स्टिकर. शाळेचा फोन आला म्हणजे काहीतरी वाईटच, हे त्या घरांत पक्कं बसलेलं. आमच्या ऑफिसर बाईंनी सत्राच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक घरी फोन करायला सुरुवात केली, फक्त पोराचं काहीतरी चांगलं सांगायला. सभाही शाळेत न घेता बागेत, सॉसेज-पावाबरोबर. पुढे काही आया आपणहून वर्गात येऊन बसू लागल्या. यात खर्च कशाचा? न्यायला-आणायला गाडी, खाणं, आणि बाईंच्या पगारातले जास्तीचे तास. नेमकं हेच अर्जाच्या रकान्यात बसत नाही.

प्रेषक: सुधीर

अनघा, पटलं. मी पालघरकडच्या आदिवासी भागात जिल्हा परिषदेच्या शाळांवर होतो. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आले, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. कागदावर ॲबोरिजिनल पालकांना मिळालं त्याहून आपल्याकडे जास्त मिळालं. पण दिवाळीनंतर अर्धं गाव वीटभट्टीवर जातं आणि समितीची सभा लागते जानेवारीत! अध्यक्ष एखादी कातकरी बाई असली, तर गुरुजी बोट दाखवतील तिथे ती सही करते. एका शाळेत आम्ही सभा बाजाराच्या दिवशी, बाजाराच्या जागीच घेतली. त्या दिवशी बायकांनीच विचारलं की पोषण आहाराचा तांदूळ किती आला आणि शिजला किती. हिशेबाची वही मागितली. तेव्हा मला वाटलं, आता समिती झाली.

म्हणून माझी सूचना: देणगीला अटी नकोत. ‘शैक्षणिक साहित्यासाठीच’ वगैरे अजिबात घालू नका.

प्रेषक: मिलिंद

काका, ताई, शंका फिटली. लेखापरीक्षणाला पावती लागेल, तेवढीच मागू. अहवाल नको, आपल्या वार्षिक अंकासाठी त्यांच्या मुलांचे फोटोही नकोत. पैसे कशाला वापरायचे ते त्या आया ठरवतील. गाडीचं म्हणाल तर माझी आठ आसनी आहे आणि गुरुवारी दुपारनंतर मी मोकळा असतो. पण त्यांना हवी असेल तरच. ताई, तुमच्या ऑफिसर बाईंना विचारून ठेवा. रविवारच्या बैठकीत ठराव मी मांडतो. अनुमोदन कोण देणार?

प्रेषक: सुधीर

मी. आणि त्या दिवशी लेझीमची तालीम आहे, तेव्हा हा विषय पहिला घ्या, नाहीतर मागे पडेल.