तुमच्या रस्त्यावरून काय जातं? (अवजड गाड्या, टँकर आणि आपण)

खिडकीतून_घोडबंदर (धागाकर्ती)

न्हावा शेवाहून गुजरातकडे निघालेले कंटेनर कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास करत आमच्या खिडकीखालून जातात. पुढे गायमुख घाट, आणि तिथे एखादा बंद पडला की ठाण्यापर्यंत सगळं ठप्प. अवजड गाड्यांच्या वेळांची नवी अधिसूचना निघाली की सोसायटीच्या ग्रुपवर आधी टाळ्या पडतात. मग थोड्याच दिवसांत "रात्री दोनला हॉर्न कोण वाजवतंय?" सुरू. दिवसा बंदी म्हणजे रात्री रांग, हे आता पाठ झालंय.

या अधिसूचना मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली निघतात. मी त्या शेवटपर्यंत वाचते (कुणीतरी वाचायला हव्यात). शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: पोलीस वाहने, फायर ब्रिगेड, रुग्णवाहिका, ऑक्सिजन गॅस वाहने व इतर अत्यावश्यक सेवेतील वाहनांना हे लागू नाही. त्या 'इतर'मध्ये बऱ्याचदा पेट्रोल-डिझेलचे टँकरही बसतात. म्हणजे वाळूचा डंपर नाक्यावर ताटकळतो आणि पेट घेऊ शकणारा टँकर शाळा सुटायच्या वेळेला आत येतो. बंदी गाडीच्या आकारावर आहे, आत काय भरलंय यावर नाही. सूटच काढून टाका म्हणावं, तर जानेवारी २०२४ च्या चालकांच्या संपात पंपांवर काय झुंबड उडाली तेही आपण पाहिलंय.

तर पाहिलेलं, सोसलेलं, चालवलेलं लिहा. बातम्यांची कात्रणं नकोत, आणि कंपन्या-अधिकाऱ्यांची नावंही नकोत.

नऱ्हेवाली

आमच्याकडे पुण्यात विषय एकच, नवले पूल. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की पुलापर्यंत उतारच उतार. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात, मग सगळा भार ब्रेकवर. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथे एका अवजड गाडीने ४८ वाहनांची वाट लावली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा तेच, आणि त्या वेळी आग लागून माणसं गेली.

संध्याकाळी सर्व्हिस रोडने भाजी घेऊन येताना कधी कधी जळक्या रबरासारखा उग्र वास येतो. तापलेल्या ब्रेक लायनरचा. आता माझ्या मुलीलाही तो ओळखू येतो. "आई, कडेला हो" म्हणते आणि मला फुटपाथवर ओढते. रम्बलर (रस्त्यावरचे खडखडणारे पट्टे) बसवले, वेगाचे बोर्ड लावले, ठीक आहे. पण हा महामार्ग ज्या काळी शहराबाहेरून काढला, तेव्हाचं 'बाहेर' आता माझा पत्ता आहे. बायपासला बायपास कुठून काढणार?

गेटपास

गाडीवाल्यांच्या बाजूने कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. वडिलांपासून ट्रेलरचा धंदा, न्हावा शेवा ते तारापूर, भिवंडी, वापी.

कारखान्यात कंटेनर भरतो, सील लागतं, आणि जहाजाचा कट-ऑफ, म्हणजे माल पोर्टात पोचवायची शेवटची वेळ, डोक्यावर असतो. ई-वे बिलाचं (मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाचं) घड्याळ वेगळं: दोनशे किलोमीटरला एक दिवसाची मुदत. त्यात ठाण्याच्या हद्दीवर नो एन्ट्री. ड्रायव्हर गाडी कडेला लावतो तर हवालदार म्हणतो, "पुढे घे." पुढे घेतली तर चलान. माणकोलीच्या आसपास रस्त्याकडेला उभ्या गाड्यांची रांग बघा. पाणी नाही, संडास नाही, झोप केबिनमध्येच, तीही एका डोळ्याने, कारण डिझेल चोरणारे फिरत असतात. बंदीची वेळ संपली की शाळा सुटल्यासारख्या सगळ्या गाड्या एकदम सुटतात. ज्या वेळी माणसाला झोप अनावर होते, नेमक्या त्याच वेळी आपण त्याला घाट चढायला लावतो.

दुसरं. धोकादायक मालाच्या कंटेनरला पोर्टात वेगळी जागा असते, चारी बाजूंना लेबलं, वेगळी कागदपत्रं. गेटबाहेर पडला की तोच कंटेनर फरशांच्या आणि कपड्यांच्या कंटेनरमागे त्याच रांगेत उभा. त्याला कुठल्या रस्त्याने न्यायचं हे आम्हाला कोणी सांगत नाही. मालक विचारतो फक्त "किती वाजता पोचेल?"

माझा बंदीला विरोध नाही. ज्या कागदावर बंदी लिहिता, त्यावरच गाडी थांबायची जागाही लिहा, एवढंच.

ताथवडेकर

गेटपास, थांबायची जागा द्या हे मान्य, पण तिथे लक्ष कोण ठेवणार? ऑक्टोबर २०२३ मधला रविवार. आमच्या भागात, पुण्याजवळ ताथवड्यात, उभ्या टँकरमधून सिलिंडरमध्ये चोरून गॅस भरत होते. एकामागून एक स्फोट झाले. आम्ही गॅलरीत आलो तर आभाळ लाल, आणि शेजारच्या शाळेच्या बस पेटलेल्या. रात्र होती आणि सुट्टी होती म्हणून निभावलं. तो टँकर काही भरधाव जात नव्हता. उभा होता.

गेटपास

@ताथवडेकर, म्हणूनच उजेड, कॅमेरा आणि रखवालदार असलेली जागा म्हणतोय. अंधारातल्या मोकळ्या प्लॉटवर गाडी लावायला लावली की हेच होणार.

हडपसर_पूर्व

माझे मामा लोणी काळभोरहून पेट्रोलचा टँकर चालवायचे. लहानपणी मी त्यांच्याकडून टँकरची पाटी वाचायला शिकलो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे एलपीजी. पेट्रोलच्या पाटीवर '३ वायई' लिहिलेलं असतं. त्यातला ३ सांगतो की आगीवर फेस मारा, आणि शेवटचा ई सांगतो की आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करा. शिवाय धोक्याचं चौकोनी चिन्ह आणि फोन नंबर. लायसनवर धोकादायक माल वाहण्याचा शेरा लागतो, त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण. केबिनमध्ये आपत्काळी काय करायचं त्याचं कार्ड. मामा सातवी शिकलेले आणि कार्ड इंग्रजीत. ते त्यांनी माझ्याकडून मराठीत लिहून घेतलं आणि आरशाजवळ चिकटवलं.

हडपसरच्या सिग्नलला दुचाकीवाले टँकरला खेटून उभे राहायचे. एकाच्या हातात सिगारेट. मामा काच खाली करून शांतपणे म्हणाले, "दादा, तेवढी विझवा, मागं बारा हजार लिटर हाय." त्या माणसाने आधी मामांकडे रागाने बघितलं, मग मागे. सिग्नल सुटायच्या आत गाडी वळवून गल्लीत.

काजळीकाठ

तुमच्याकडे निदान वेळा तरी आहेत. लांजा-रत्नागिरीकडे महामार्ग हाच गावाचा रस्ता. जयगडहून एलपीजीचे टँकर निघतात ते याच वाटेने गोव्याकडे. सप्टेंबर २०२२ मध्ये आंजणारीच्या पुलावरून एक टँकर काजळी नदीत कोसळला आणि महामार्ग बंद. मग ट्रेलर आतल्या गावांतल्या रस्त्यांवर शिरले, जिथे समोरून एसटी आली तर एकाला मागे जावं लागतं.

हातखंबा-निवळी पट्ट्यातही टँकर उलटलेत. अशाच एकदा निरोप आला, चूल पेटवू नका, दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका. आजी म्हणाली, "म्हणजे चहा नाय?" घरात त्यावरून हशा झाला, पण रात्रभर कोणी झोपलं नाही.

वास्कोची_मालन

जानेवारी २०१८, गोव्यातली चिखली. पहाटेच्या आधी अमोनियाचा टँकर उलटला. बंदरातून खत कारखान्याकडे हा माल जातो हे सगळ्यांना माहीत होतं, पण वास घरात शिरेपर्यंत त्याचा अर्थ कळला नव्हता. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. ओला रुमाल नाकाला लावा, अमोनिया पाण्यात विरघळतो. हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं, शेजारच्या निवृत्त नर्सबाईंनी त्या रात्री सांगितलं.

ऱ्हाईनकाठचा_सातारकर

जर्मनीत टँकरला केशरी पाटी असते. वर धोक्याचा आकडा, खाली तोच १२०३. बोगद्यांना ए ते ई असे वर्ग दिलेत, त्यावरून कुठला माल आत न्यायचा नाही ते ठरतं. रविवारी साडेसात टनांवरच्या ट्रकना सहसा बंदी. पण शनिवारी रात्री हायवेचे थांबे भरून वाहतात आणि गाड्या उतरणीच्या लेनपर्यंत उभ्या असतात. गेटपास यांची तक्रार इथल्या ड्रायव्हरांच्या तोंडूनही ऐकलीय. सापडलेलं एकच उत्तर असं इथेही नाही.

नऱ्हेवाली

आमच्याकडे वाहतुकीचे बदल आधी तात्पुरते करतात आणि नागरिकांच्या सूचना-हरकती मागवतात. तेवढी संधी असते. काय लिहायचं?

खिडकीतून_घोडबंदर

मी लिहिलेला मसुदा असा: अवजड वाहनं आणि धोकादायक माल यांचे आदेश वेगळे काढा. इंधनाच्या टँकरला सूट द्यायची तर शाळा-कॉलेजच्या वेळा वगळून आणि ठरलेल्या रस्त्यानेच. बंदीच्या हद्दीबाहेर थांब्याची जागा आदेशातच नमूद करा. हडपसर_पूर्व, तुमच्या मामांचं ते मराठी कार्ड अजून असेल तर फोटो टाका, सोबत जोडते.

हडपसर_पूर्व

मामीकडे आहे. रविवारी आणतो.