प्रतिसाद: व्हेनिसचा समुद्रविवाह

इटलीतल्या व्हेनिस शहराचा प्रमुख दरवर्षी समुद्रात अंगठी टाकून शहराचं समुद्राशी लग्न लावतो, तो हा समुद्रविवाह. '१९६५ साली पुन्हा सुरू केलेला हा सोहळा म्हणजे पर्यटकांसाठीचा देखावा' हे मत मला पटत नाही.

मूळ सोहळा सत्तेचाच होता, हे मान्य. इ.स. १००० मध्ये ईस्टरनंतरच्या चाळिसाव्या दिवशी डोज (म्हणजे तिथला निवडून आलेला शासनप्रमुख) पिएत्रो ओर्सेओलो दुसरा डाल्मेशियाच्या (आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्याच्या) मोहिमेवर निघाला, त्याची ही आठवण. अंगठीचा विधी नंतरचा. परंपरा तो ११७७ च्या पोप तिसऱ्या अलेक्झांडरच्या भेटीशी जोडते. डोज समुद्रात अंगठी टाकून त्याच्यावर कायमचं स्वामित्व सांगायचा. १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक गेलं आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच सैनिकांनी डोजच्या 'बुचिंतोरो' या समारंभाच्या नौकेचं सोन्याचा मुलामा दिलेलं कोरीवकाम सोन्यासाठी जाळलं. हे वाचताना आजही जीव हळहळतो.

आता डोजच्या जागी महापौर असतात. लिदो बेटावरच्या सान निकोलो चर्चसमोर ते अंगठी टाकतात. पण माझ्या मते खरा सोहळा त्यांच्या मागून येणाऱ्या वल्ह्यांच्या होड्यांचा आहे. तिथले वल्हेकरी उभ्यानं, पुढे तोंड करून वल्हवतात. वल्हं 'फोर्कोला' नावाच्या वळणदार लाकडी आधारावर टेकवलेलं असतं. त्यावरची खाच बदलली की होडी हळू चालते, वळते, मागेही जाते. मोटरबोटींच्या लाटांनी इमारतींचे पाये झिजवणाऱ्या शहरात ही विद्या टिकवायची तर तिला वर्षातून एकदा तरी मानाचं स्थान हवंच. सोन्याची बुचिंतोरो पुन्हा बांधण्यापेक्षा तो पैसा फोर्कोला घडवणाऱ्या कारागिरांकडे शिकायला येणाऱ्या मुलांवर खर्च व्हावा, असं मला मनापासून वाटतं.