कृष्णधवल इन्फ्रारेड फिल्म: पहिल्या रोलसाठी सल्ला हवा आहे

नदीकाठ

नमस्कार मंडळी. मी पुण्यात राहतो, निकॉन एफएम२ कॅमेरा आणि ५० मिमी लेन्स वापरतो आणि साधे कृष्णधवल रोल घरीच डी-७६ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) धुतो. पावसाळा सरल्यावर वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाची छायाचित्रे इन्फ्रारेड फिल्मवर घ्यावीत, असे मनात आहे. झाडे पांढरी, पाणी आणि आकाश जवळजवळ काळे आणि मधोमध घाटाच्या दगडी पायऱ्या, असे चित्र डोळ्यांपुढे आहे. फिल्म कोणती घ्यावी, फिल्टर कोणता, कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर कितपत विसंबावे आणि धुताना वेगळे काही करावे लागते का, याबद्दल अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे. रोल महाग असल्यामुळे पहिल्याच रोलमधून शक्य तितके शिकता यावे, अशी इच्छा आहे.

अंधारखोली

ऋतूची निवड अगदी योग्य आहे. पानांच्या आतील पेशींची रचना अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते, म्हणून हिरवी झाडी पांढरी उमटते. निळ्या आकाशातून हा प्रकाश फारच थोडा विखुरला जातो आणि पाणी तो शोषून घेते, म्हणून दोन्ही काळी दिसतात. रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९१० मध्ये अशी छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि हा परिणाम आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्यासाठी ताजी पालवी, स्वच्छ आकाश आणि थेट ऊन हवे. सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत आपल्याकडे ही तिन्ही एकत्र मिळतात. ढगाळ दिवशी हा रोल कॅमेऱ्यात घालूच नका. एरवी छायाचित्रकार टाळतात ते दुपारचे ऊन येथे उपयोगी पडते.

फिल्मसाठी माझी शिफारस रोलाय इन्फ्रारेड ४०० ही आहे. तिची संवेदनशीलता सुमारे ८२० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत पोहोचते, त्यामुळे साधारण ७२० नॅनोमीटरच्या पुढचाच प्रकाश जाऊ देणारा होया आर७२ फिल्टर लावल्यावरही पुरेसा प्रकाश तिच्या वाट्याला येतो. डिजिटल कॅमेऱ्यांसाठी विकले जाणारे ८५० किंवा ९५० नॅनोमीटरचे फिल्टर स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका, कारण त्यांतून जे पार होते ते या फिल्मला दिसतच नाही. कोडॅकची एचआयई फिल्म २००७ मध्ये बंद झाली. तिचे मुदत उलटलेले रोल लिलावात दिसतात, परंतु नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आता एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा ते. आर७२ लावून कॅमेऱ्यातल्या मीटरने मोजू नका, कारण मीटरला अवरक्त प्रकाश फिल्मसारखा दिसत नाही. एफएम२ वर आयएसओ (फिल्मची प्रकाश-संवेदनशीलता सांगणारा आकडा) १२ पर्यंत खाली जाता येते, ही तुमच्यासाठी मोठी सोय आहे. फिल्टर काढून, आयएसओ १२ ठेवून मोजा. भर उन्हात लेन्सचे छिद्र एफ ११ ला असताना १/३० सेकंदाच्या आसपास आकडा येईल. तेथून सुरुवात करून १/१५, १/८ आणि १/४ अशा एकूण चार फ्रेम घ्या. सगळे ब्रॅकेटिंग (एकाच दृश्याच्या वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फ्रेम घेणे) जास्त प्रकाशाच्या दिशेनेच करा, कारण दृश्यात अवरक्त प्रकाश किती आहे हे मीटर सांगू शकत नाही आणि चूक बहुधा कमी प्रकाशाच्या बाजूला होते. ट्रायपॉड अनिवार्य समजा. फिल्टर लावल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये काहीच दिसत नाही, त्यामुळे चौकट आणि फोकस आधी ठरवून मग फिल्टर लावावा लागतो.

चंदेरी

वरील बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, परंतु पहिल्या रोलसाठी मी इलफर्ड एसएफएक्स २०० सुचवेन. ती खऱ्या अर्थाने इन्फ्रारेड फिल्म नव्हे. तिची मजल साधारण ७४० नॅनोमीटरपर्यंतच आहे, म्हणून झाडे रोलायइतकी पांढरी होत नाहीत. मात्र लाल २५ क्रमांकाचा फिल्टर लावून आयएसओ २५ धरले, तर उन्हात एफ ८ ला १/१२५ सेकंद मिळतो, म्हणजे कॅमेरा हातात धरूनही काम होते आणि व्ह्यूफाइंडरमधून लाल का होईना, पण दृश्य दिसत राहते. कोणत्या प्रकाशात पाने उजळतात, हे समजण्यासाठी अशी मोकळीक फार मोलाची असते.

रोलाय घेतलीत, तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा. तिचा पाया पॉलिएस्टरचा असून तो बाहेर आलेल्या टोकातून प्रकाश आत, गुंडाळीपर्यंत वाहून नेतो. रोल अंधाऱ्या खोलीत किंवा निदान दाट सावलीत भरा आणि काढल्यावर लगेच काळ्या डबीत ठेवा. पॉलिएस्टर हाताने फाटत नाही. चेंजिंग बॅगेत (अंधारात फिल्म हाताळण्याच्या काळ्या पिशवीत) कात्री न्यायला विसरू नका आणि फिल्म पुढे सरकवणारा कॅमेऱ्याचा दांडा अडला तर जोर लावू नका, कारण फिल्मऐवजी आतले दाते तुटू शकतात. कोणी परदेशातून रोल आणणार असेल, तर विमानतळावरच्या नव्या सीटी स्कॅनरमधून ते जाऊ देऊ नयेत आणि हाताने तपासण्याची विनंती करावी.

नदीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. चित्र डोळ्यांपुढे आहे ते पांढऱ्या झाडांचेच, म्हणून रोलाय आणि आर७२ घेईन असे वाटते. दोन शंका उरतात. लेन्सवरचा लाल ठिपका, म्हणजे इन्फ्रारेडसाठीची फोकसची खूण, वापरायची का? आणि आमच्या नळाचे पाणी बऱ्याचदा २७ अंशांच्या आसपास असते, तर तापमानाचे काय करावे?

अंधारखोली

ठिपका जरूर वापरा. नेहमीप्रमाणे फोकस केल्यावर मधल्या रेषेसमोर जे अंतर आले असेल, ते कडे किंचित फिरवून लाल ठिपक्यासमोर आणा. एफ ११ ला ही दुरुस्ती केली नाही तरी बहुधा निभावते, परंतु पायरीवरचे शेवाळ आणि पलीकडचे झाड दोन्ही स्पष्ट हवे असतील, तर तेवढा वेळ अवश्य द्या.

धुण्यासाठी नवा डेव्हलपर आणू नका. तुमच्या हाताला बसलेला डी-७६ च ठेवा, कारण या रोलमध्ये फिल्म, फिल्टर आणि एक्स्पोजर या तीन गोष्टी आधीच नव्या आहेत आणि चौथी बदलली तर दोष कोठे आहे हे कळणार नाही. वेळ उत्पादकाच्या तक्त्यातलीच घ्या. तो तक्ता २० अंशांसाठी असतो. परातीत बर्फाचे पाणी घेऊन डेव्हलपरची बाटली त्यात उभी करा, बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका. फिक्सर (चित्र पक्के करणारे रसायन) आणि धुण्याचे पाणीही त्याच तापमानाजवळ आणा. २४ अंशांवर धुतल्यास २० अंशांवरची १० मिनिटे सुमारे ७ वर येतात आणि तेही चालते. मात्र वेळ ५ मिनिटांच्या खाली गेली, तर आकाशात असमान पट्टे दिसू लागतात. टँक दर मिनिटाला सावकाश चार वेळा उलटा करा, त्याहून जास्त नको. पांढरी झाडी आणि काळे आकाश यांच्यामुळे काळ्या-पांढऱ्यातला विरोध (काँट्रास्ट) आधीच तीव्र असतो आणि जास्त हलवल्यास पानांतले तपशील भरून जातात.

निगेटिव्ह वाळल्यावर सर्वांत आधी फ्रेमकडे न पाहता फिल्मच्या कडेवर छापलेले आकडे पाहा. ते आकडे कारखान्यातच एक्स्पोज झालेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नसतो. आकडे ठळक आणि फ्रेम फिक्या असतील, तर धुणे ठीक झाले आहे, प्रकाश कमी पडला आहे. आकडेही फिके असतील, तर डेव्हलपर, वेळ किंवा तापमान तपासा. प्रत्येक फ्रेमचा शटर, छिद्र, घड्याळातली वेळ आणि आकाशाची स्थिती वहीत लिहिलेली असेल, तर चार फ्रेमपैकी ज्या एकीच्या निगेटिव्हवर (जेथे पांढरे ते काळे दिसते) पाने गडद, पण त्यांच्या कडा वेगळ्या ओळखू येतात, तिच्यावरून तुमचा स्वतःचा आयएसओ मिळतो. तो ६ निघाला किंवा ३ निघाला, तरी दुसऱ्या रोलला मीटरवर मोजणी तेथूनच करा. एफएम२ चा मीटर १२ च्या खाली जात नाही, म्हणून ६ साठी एक आणि ३ साठी दोन स्टॉप हाताने वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश).