मासे वाळवायचा तळ कुणाचा? (अलास्का, कलम १४(सी))

उत्तरवारा: १९७१च्या अमेरिकी कायद्यानं (अलास्का नेटिव्ह क्लेम्स सेटलमेंट ॲक्ट; कलम १४(सी) त्यातलंच) अलास्कातल्या मूळनिवासींचे जमिनीवरचे दावे मिटवले. बदल्यात सुमारे ४.४ कोटी एकर जमीन आणि ९६.२५ कोटी डॉलर दिले. पण जमीन माणसांना नाही, जमातींनाही नाही, मूळनिवासी भागधारकांच्या कंपन्यांना! पृष्ठभाग गावच्या कंपनीचा, खालची खनिजं विभागीय कंपनीची. कलम १४(सी) म्हणतं, १८ डिसेंबर १९७१ला ज्याचं मुख्य राहतं घर, मुख्य धंदा, उपजीविकेचा (मासेमारी-शिकारीचा) तळ किंवा रेनडिअर पाळायचं ठाणं त्या जमिनीवर होतं, त्याला कंपनीनं ती जागा फुकट नावावर करून द्यायची.

आता दावा खरा की खोटा, हे आधी ठरवणार कोण? तीच कंपनी. म्हणजे कुळानं जमीनदाराच्याच ओसरीवर अर्ज घेऊन उभं राहायचं. युकॉन नदीकाठच्या तळाचा पुरावा तरी काय असतो? मासे टांगायच्या चार दांड्या, धुरी द्यायची खोपटी. एका पुरात साफ.

कारभारीण: जमीनदार? भागधारक म्हणजे त्याच गावची माणसं, माणशी १०० शेअर. आणि १४(सी) फक्त मूळनिवासींसाठी नाही, तिथल्या गोऱ्या दुकानदारालाही दावा करता येतो. एकदा नावावर झाली की जागा मोकळी, उद्या शिकारी लॉजवाल्याला विका. १९०६च्या कायद्यानं एकेका मूळनिवासीला दिलेले १६० एकरांपर्यंतचे तुकडे निदान सरकारी मंजुरीशिवाय विकता येत नाहीत. कंपनीची अविकसित जमीन करापासून आणि सावकारापासून वाचते. तुकडा तुकडा वाटत सुटलं तर गावाकडे उरणार काय?

उत्तरवारा: त्याच गावची माणसं, बरं. १८ डिसेंबर १९७१नंतर जन्मलेल्यांना मूळ वाटपात शेअर नाहीत. वारशानं आले किंवा भागधारकांनी पुढे ठराव केला, तरच. १९७२ला जन्मलेली बाई आज पन्नाशीपार आहे. आजीच्या तळावर सॅमन चिरते आणि कंपनीत तिला मत नाही.

साखळीमोजणी: गडचिरोलीत वनहक्क दाव्यांच्या मोजणीला फिरलोय, म्हणून बोलतो. तिथेही तारीखच आडवी येते, ताबा १३ डिसेंबर २००५च्या आधीचा हवा. पण दावा ग्रामसभेपुढे जातो, तिथं गावातल्या प्रत्येक प्रौढाला बोलता येतं. वर उपविभाग आणि जिल्हा समित्या. (त्या किती वेळ लावतात ते सोडा.) अलास्कात कंपनीनं हद्दींचा नकाशा दाखल केला की वर्षभरात कोर्टात जा, नाहीतर दार बंद. कंपनीनं जमीन कधी द्यायची याला मात्र तारीख नाही! हे मला पटत नाही.

कारभारीण: वर्ष कमी पडतं, मान्य. पण दार कायम उघडं ठेवलं तर सरकारी मोजणी व्हायची कधी? आणि त्याच कलमाखाली नगरपालिकेला, म्हणजे वस्तीच्या वाढीलाही जमीन द्यायची आहे, मुळात किमान १,२८० एकर. सगळं एकाच ताटातून.

साखळीमोजणी: मोजणीवाल्याचा प्रश्न. तळ धरायचा कुठवर? खोपटीपुरता, की पाण्यापर्यंतची वाट आणि सरपणाची झाडीही आत?

उत्तरवारा: पाण्याशिवाय मासे धुणार कुठे? किनारा आत हवाच.

कारभारीण: किनारा किती फूट ते लिहा. मग त्यावर भांडू.